पासंग

आप्पा पाबळच्या आठवडे बाजारात मापाडी होते. इलेक्ट्रॉनिक काटे यायच्या आधीचे ते दिवस. तीन वासे वर एकत्र बांधून उभे करायचे, मधोमध तराजू टांगायचा आणि बाजरी, मटकी, हुलगा, कांदा, जे येईल ते तोलायचं. पहिल्या मापाला आप्पा कधी ‘एक’ म्हणत नसत. ‘लाभ’ म्हणायचे, मग दोन, मग तीन.

त्याआधी मात्र ते एक काम करत आणि त्यात त्यांना घाई चालत नसे. उपरण्याने दोन्ही पारडी पुसायची, दोऱ्या हाताने ओढून पाहायच्या, वाऱ्याकडे पाठ करून उभं राहायचं आणि रिकाम्या तराजूकडे नुसतं बघत राहायचं. पोती घेऊन आलेल्या शेतकऱ्यांची चुळबुळ सुरू होई. आप्पा हलत नसत. रात्रीच्या दवाने एका बाजूची सुतळी भिजलेली असते, एखाद्या पारड्याच्या बुडाला चिखल वाळून बसलेला असतो, आणि दांडी दिसेल न दिसेल एवढी एका अंगाला झुकते. तसं दिसलं की ते हलक्या बाजूच्या दोरीला चिंचोका बांधत, तो पुरला नाही तर खडा बांधत. काटा सरळ उभा राहिला की मगच पहिलं वजन उचलत. त्या बांधलेल्या खड्याला पासंग म्हणतात, आणि त्या झुकण्यालाही पासंगच म्हणतात. रोगाला आणि औषधाला आपल्या भाषेने एकच नाव दिलं आहे, आणि मला ते फार शहाणपणाचं वाटतं.

“माल तोलायला कुनालाबी येतं,” आप्पा पोरांना सांगायचे. “रिकामा काटा बघायला शिका.”

पोरं दोन. थोरला आणि धाकटा. त्यांची गोष्ट सांगायची तर आधी गाव सांगायला हवं.

पाबळ शिरूर तालुक्याच्या पश्चिम अंगाला आहे, पुण्यापासून साठेक किलोमीटर. वेळ नदी पावसाळ्यात नदीसारखी दिसते आणि उन्हाळ्यात वाळूसारखी. पाबळ, केंदूर, कान्हूर मेसाई या पट्ट्यातल्या माणसांचं आयुष्य पाणी मागण्यात गेलं आहे. निवडणूक आली की पाणी येणार असतं. पण या गावाला आडवळणाचं म्हणून सोडून देता येत नाही. एका बाजूला चाकण, दुसऱ्या बाजूला सणसवाडी, तिकडे रांजणगाव. कारखान्यांनी तिन्ही बाजूंनी वेढा घातलेला. शिक्रापूरच्या चौकात पहाटे उभं राहिलं तर कंपन्यांच्या बसगाड्यांची रांग दिसते. म्हणून इथल्या घरांत शहर की गाव हा प्रश्न आयुष्यात एकदाच येत नाही, तो रोज सकाळी सातच्या पाळीला येतो.

थोरला पुण्याला गेला तेव्हा विशीत होता. पहिले काही महिने नाना पेठेत एका दुकानात पडेल ते काम केलं. बाजारातल्या हमालांमुळे आप्पांना हमाल पंचायतीची ‘कष्टाची भाकर’ माहीत होती. पोरगं तिथे दोन वेळा जेवतं एवढ्यावर आईला झोप लागायची. पुढे तो भोसरीत लेथवर लागला. लग्न झालं, मुलगी झाली. दोन खोल्यांचं भाड्याचं घर, आणि पंधरा वर्षं.

धाकटा गावात राहिला. दहावीनंतर एक वर्ष त्याने माळावरच्या विज्ञान आश्रमात काढलं. बाहेरच्या वाचकाला आश्रम म्हटलं की भजन आठवेल. इथे वेल्डिंगच्या ठिणग्या उडतात. १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी तो सुरू केला. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाची डॉक्टरेट, म्हैसूरच्या अन्न संशोधन संस्थेत काम, मग मुंबईत हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन केंद्रात नोकरी, असा तो माणूस पंचावन्नाच्या आसपास मुंबई सोडून या कोरड्या माळावर आला आणि २००३ साली जाईपर्यंत इथलाच राहिला. त्यांचं म्हणणं सरळ होतं: हात चालले की डोकं चालतं. शाळेत नापास झालेली पोरं इथे वर्षभर राहतात. लोखंडकाम, वीज, शेती-जनावरं, घर-आरोग्य यांतलं खरं काम करतात. गावाला लागणाऱ्या वस्तू बनवतात, विहिरीची जागा ठरवायला जमिनीचा विद्युतरोध मोजतात. २००२ साली अमेरिकेतल्या एमआयटीच्या साथीने इथे फॅब लॅब उभी राहिली. एमआयटीच्या बाहेरच्या अगदी सुरुवातीच्या फॅब लॅबमध्ये तिची गणना होते. म्हणजे न्यूयॉर्क-लंडनच्या आधी पाबळच्या पोरांनी ती यंत्रं हाताळली. धाकट्याला हे सांगताना अजून छाती फुगते. त्याच्या हाताला गुण होता. पाणबुडी पंप उघडायचा, गेट-खिडक्या जोडायचा, तीन एकर जिरायत आणि एक गाय सांभाळायचा. पण वय तिशीला आलं होतं, आणि तीन ठिकाणांहून एकच निरोप आला होता: मुलगा चांगला आहे, पण गावात असतो.

तर असा तो मे महिना. पाऊस आदल्या वर्षी दडी मारून बसलेला, विहिरींनी तळ दाखवलेला, टँकर कधी येई कधी नाही. थोरला बायको-मुलीला घेऊन सुट्टीला आलेला. संध्याकाळी पडवीत सगळे बसले असताना तो म्हणाला, “आप्पा, मी माघारी यायचं म्हन्तोय. भोसरीत आता जीव रमत नाय. कायम कामगार कमी करून कंत्राटी घ्यायला लागलेत. आपलं घर हाय, जमीन हाय. दोन भाकरी कमी खाऊ.”

धाकट्याने हातातला पाना खाली ठेवला. “दादा, मी कालच चाकणला बोलून आलो. मला जायचंय.”

कोणीच बोललं नाही. आप्पा उठले. आढ्याला टांगलेला जुना तराजू त्यांनी सोडवला, पडवीच्या खांबाला लावला, आणि वजनांचा डबा मधे ठेवला.

“तोला,” ते म्हणाले. “डावं पारडं गावाचं, उजवं शहराचं. जे मिळतं त्याचं वजन टाका. दोघं आळीपाळीनं. खोटं बोलायचं नाय.”

थोरल्याने पहिलं वजन उचललं. घरचं दूध. त्याने दोन किलोचं लोखंड गावाच्या पारड्यात ठेवलं. भोसरीत पिशवीचं दूध पिऊन त्याची मुलगी वाढली होती, ते त्याच्या मनाला लागून होतं. धाकट्याने ते वजन उचललं आणि त्या जागी शंभर ग्रॅम ठेवलं. “दूध रोज पहाटे चारला उठून काढावं लागतं, दादा. तिच्यामुळं मी पाच वर्षांत एका लग्नाला मुक्कामी गेलो नाय.”

मग धाकट्याने शहराचं वजन टाकलं. महिन्याच्या महिन्याला पगार. पाच किलो. थोरला हसला नाही, रागावलाही नाही. पाच किलोचं काढून त्याने अर्धा किलो ठेवलं. “पगार सातला येतो. भाडं, गॅस, शाळा, मोटारसायकलचा हप्ता. पंधराला हात कोरडा. उरतं तेवढंच तोल.”

भावकी. थोरल्याने दोन किलो टाकलं: आजारपणात, मयतीत चार माणसं उभी राहतात. धाकट्याने त्यातलं एक काढलं: तीच चार माणसं बांधावरून कोर्टात उभी करतात, आणि पोराचं लग्न जमत नाही हे चारचौघांत तीच मोजतात. दवाखाना. धाकट्याने किलो टाकलं: रात्री छातीत दुखलं तर इथून कुठं पळणार? थोरल्याने ते तसंच राहू दिलं; त्यावर त्याच्याकडे उत्तर नव्हतं. मोकळी हवा, गर्दी, ओळख, अनोळखीपणा. प्रत्येक गोष्टीला दोघांची वजनं निराळी पडत होती. ज्याला जे रोज हाताळावं लागत होतं ते त्याला हलकं वाटत होतं, आणि ज्याला जे मिळत नव्हतं ते त्याला जड.

याच वेळी खालच्या आळीतून टँकरचा हॉर्न वाजला. घरातून आई उठली, थोरली सून उठली, आठवीतली नात उठली. हंडे-कळश्या उचलून त्या तिघी गेल्या. तोलणाऱ्यांनी मान वर केली नाही.

“कलबाग सर मुंबई सोडून आले का नाय?” थोरला म्हणत होता. “एवढा मोठा मानूस. मंग मी का येऊ नये?”

आप्पा पहिल्यांदा मधे बोलले. “आले. पन काय घिऊन आले ते बघ. आराम करायला नाय आले. त्यांना जे येत हुतं त्याची इथं गरज हुती. आनि एकले नाय आले, त्यांच्या मंडळी मीराबाई बरोबर आल्या, त्यांनीबी इथं काम केलं. तू काय घिऊन येतोस?”

थोरला गप्प झाला. लेथवरची पंधरा वर्षं पाबळच्या माळावर कुठे लावायची, हे त्याने ठरवलेलं नव्हतं. त्याला गाव हवं होतं, पण कोणतं? तराजूच्या डाव्या पारड्यात त्याने जे ठेवलं होतं ते बहुतेक त्याच्या दहाव्या वर्षाचं गाव होतं. आईच्या हातची भाकरी, कैऱ्या, यात्रेतला दणदणाट. तसं मन ओढतं, आणि ते ओढणं खोटं नसतं. पण दहा वर्षांच्या पोराला वीजबिल येत नाही.

आप्पांनी दोन्ही पारड्यांतली सगळी वजनं काढून घेतली. रिकामा तराजू हलत हलत थांबला, आणि दांडी किंचित डावीकडे झुकून राहिली.

“बघा,” ते म्हणाले. “वजनं टाकायच्या आधीच काटा कललेला हाय. थोरल्या, नोकरी जायच्या भ्यानं तू गावाकडं कलला. धाकल्या, लग्न जमंना म्हनून तू शहराकडं कलला. भ्याचं बोलून टाका, मंग तोला. दोघांनीबी आधी पासंग काढा.”

दोघांना ते पटलं. मलाही पटलं असतं. गोष्ट इथे संपवली तर ती नीटस दिसेल, पण ती इथे संपली नाही.

त्या तिघी परत आल्या. अंधार पडायला लागला होता. सुनेच्या डोक्यावर दोन हंडे, कमरेवर कळशी. पदर भिजून खांद्याला चिकटलेला. ती घरात गेली नाही. पडवीत आली आणि डोक्यावरचा भरलेला हंडा तिने उचलून तराजूच्या डाव्या पारड्यात ठेवला. पारडं धाडकन जमिनीला टेकलं, उजवं वर उडालं आणि दोऱ्या करकरल्या.

“मामा, हे तोला,” ती म्हणाली.

आप्पांनी सवयीने वजनं टाकायला घेतली. डब्यातली सगळी वजनं संपली तरी काटा उठला नाही.

“पंधराएक किलो असंल,” आप्पा म्हणाले.

“आज चार खेपा झाल्या. पोरीच्या दोन. आत्यांच्या दोन, गुडघे धरून. तुमच्या तोलात हे कुठंय? गावाचं दूध तोललं, हवा तोलली. पानी कुनी तोललं?”

कोणी बोललं नाही. तिने आवाज चढवला नव्हता. भोसरीत ती अशी बोलत नसे असं नाही, पाबळात, सासऱ्यांसमोर मात्र ती पहिल्यांदाच बोलत होती.

“भोसरी लई सुखाची हाय असं मी म्हनत नाय. नळ सकाळी दीड तास येतो. तेवढ्यात धुनं, भांडी, भरन. ह्यांची रात्रपाळी असताना पोरीला ताप चढला, तवा जिन्यातली लातूरची बाई रिक्षा करून दवाखान्यात घिऊन गेली, आपलं कुनी नव्हतं. पन माझी शिलाई हाय तिथं. महिन्याला हातात माझे पैसे येतात. पोरगी शाळंत चालत जाते. मी कुनाची सून हे तिथं कुनी इचारत नाय. हे सगळं सोडून यायचं का नाय, ते तुमी बाप-लेक तोलताय, आनि मी पान्याला गेलेली.”

थोरल्याने मान खाली घातली. त्याने बायकोला सांगितलं होतं. विचारलं नव्हतं.

“आनि मामा,” ती जरा थांबून म्हणाली, “तुमच्या काट्यालाबी पासंग हाय. दोन्ही पोरं डोळ्यांपुढं ऱ्हावीत असं तुमाला वाटतं. वाटावंच. पन बोला तसं.”

आप्पा खाली बसले. मापाड्याला आयुष्यात कोणी असं म्हटलं नव्हतं. बाजारात त्यांच्या तोलावर भांडण झाल्याचं कोणाला आठवत नाही.

तेवढ्यात उंबऱ्यातून आई बोलली. ती गुडघ्याला हात लावून बसली होती.

“बहात्तरच्या दुष्काळात माझा भाऊ मुंबईहून आला हुता,” ती म्हणाली. “गिरनीत लावतो म्हनाला दाजींना, खोली बघतो. आपुन तवा खडी फोडत हुतो. लाल मिलो खायची, सुकडी खायची. माझं नवीन लगीन. तुमी त्याला नाय म्हनला.”

“आनि बरोबरच केलं,” आप्पा चटकन म्हणाले. हे उत्तर त्यांच्याकडे तयार होतं. घरात ते अनेकदा ऐकलेलं होतं. १९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप झाला, अडीच लाख कामगार रस्त्यावर आले, आणि बहुतेकांना ती गिरणी पुन्हा दिसली नाही. मेहुणा रिकाम्या हाताने गावी परतला. आप्पांनी त्यानंतर आयुष्यभर तो निर्णय आपल्या शहाणपणाच्या खात्यावर मांडला होता.

“बरोबर निघालं,” आई म्हणाली. “ते नशीब. गेलो असतो तर हाल झाले असते, मलाबी कळतं. पन मला जायचं हुतं. तुमी मला इचारलं नव्हतं. तेवढं बरोबर नव्हतं.”

मला या गोष्टीत सगळ्यात जड जागा हीच वाटते. एखादा निर्णय फळला की तो घेण्याची रीतही योग्य होती असं आपण धरून चालतो. आप्पांनी वर्षानुवर्षं तसं धरलं होतं. निकालाचं वजन त्यांनी एवढं मोठं टाकलं की दुसऱ्या पारड्यात कोणी काही ठेवलं होतं का, हे बघायची वेळच आली नाही.

आणि ही फक्त एका घराची चूक नाही. याच गावात बाजीराव पेशव्याच्या मस्तानीची कबर आहे. बुंदेलखंडात जन्मली, पुण्यात शनिवारवाड्यात राहिली, पाबळ-केंदूर-लोणी ही गावं तिला मिळाली. शेवटच्या काळात पेशव्यांच्या घरच्यांनीच तिला अटकेत ठेवलं. बाजीराव २८ एप्रिल १७४० ला नर्मदेकाठी रावेरखेडीला गेला, त्याच वर्षी तीही गेली, आणि तिची माती पाबळला आली. एवढा प्रवास, वाडा काय आणि गाव काय. त्यातला कोणता मुक्काम तिला विचारून ठरला असेल? कबरीपाशी उभं राहिलं की मला प्रेमकथेच्या आधी हे आठवतं.

म्हणून या बोधकथेचा बोध मी इथेच, मधेच, सरळ सांगून टाकतो. शहर आणि गाव यांचा तोल करू नका असं नाही. करावाच लागतो, आणि दोन्हीकडे खरं सोनं आहे, खरा चिखलही आहे. पण तोल करताना ज्यांना त्यातलं ओझं उचलायचं आहे त्यांना काट्याजवळ बसवा. त्यांच्या गैरहजेरीत केलेला तोल, वजनं कितीही शिक्क्याची असली, तरी पासंगाचा असतो. आणि आपल्याकडे ती माणसं बहुतेक वेळा पाणी भरायला गेलेली असतात.

त्या रात्री तराजू पुन्हा टांगला गेला. या वेळी पाचजण होते, आणि नात सहावी. आप्पांनी आधी स्वतःचं सांगितलं. म्हातारपणाचं भय वाटतं, रात्री दोघंच असलो की दार वाजलं तरी दचकायला होतं. हे बोलायला त्यांना वेळ लागला. धाकट्याने तीन स्थळांची गोष्ट भावजयीसमोर पहिल्यांदा उघड सांगितली. नातीने फक्त एक वजन टाकलं, शहराच्या पारड्यात: तिच्या मैत्रिणी. थोरल्याला ते हलकं वाटलं, पण त्याने ते काढलं नाही.

सगळं जुळलं असं झालं नाही. असं कुठेच होत नाही. थोरल्याला माघारी यायचं होतं, पण बायको म्हणाली, पोरीची दहावी होईतो नाही, आणि पाणी दारात आल्याशिवाय नाही. त्याने ते मान्य केलं. त्याला वाईट वाटलं आणि ते वाईट वाटणं बरेच दिवस टिकलं. शनिवारी रात्री भोसरीच्या गॅलरीत तो गप्प बसून राही. धाकट्याने चाकणची खोली घेतली नाही. सणसवाडीच्या एका कारखान्यात जोडारीचं काम धरलं आणि मोटारसायकलवरून जाऊ-येऊ लागला. घर राहिलं, पगार आला. पण दिवसातले दोन-अडीच तास शिक्रापूरच्या रस्त्यावर, ट्रकांच्या धुळीत जायला लागले, आणि गाय विकावी लागली. गाय गेली त्या दिवशी आई जेवली नाही. ते दूध कोणी किती किलोचं धरायचं, हा प्रश्न त्या दिवशी पुन्हा उभा राहिला, आणि त्याचं उत्तर कोणी दिलं नाही.

एक काम मात्र दोघा भावांनी पावसाच्या आधी संपवलं. आश्रमात धाकटा फेरोसिमेंटचं काम शिकला होता. गजांचा सांगाडा, त्यावर कोंबडीजाळी, तिच्यावर दोन्ही अंगांनी सिमेंटचा पातळ गिलावा; विटांपेक्षा स्वस्त आणि हलकं. थोरला चार दिवस रजा घेऊन आला. लेथवरचा माणूस, त्याने गज असे वाकवले की एकाला एक जुळून बसला. घराच्या मागे टाकी उभी राहिली, पत्र्याच्या पागोळ्या पन्हळीने तिच्यात सोडल्या. उन्हाळ्यात टँकरवाला तिथेच पाइप सोडू लागला. सगळं पाणी भागत नाही, पण डोक्यावरच्या खेपा गेल्या. भावांना गावात आपण काय घेऊन यायचं याचं थोडं उत्तर त्या टाकीत मिळालं असावं. थोरला आता सुट्टीत येतो तो रिकाम्या हाताने येत नाही. वर्कशॉप टाकायचं तर पाबळला कोणतं यंत्र लागेल, किती जागा, किती वीज, याची वही घेऊन येतो. ती वही त्याची बायको तपासते. हिशेबात ती पक्की आहे.

आप्पा आता बाजारात जात नाहीत. तराजू पडवीतच आहे, रिकामा. मागच्या पावसाळ्यात, टाकी पहिल्यांदा तोंडापर्यंत भरली त्या दिवशी, ते चुलीपाशी येऊन बसले. आई भाकरी थापत होती.

“मुंबईला जायचंय का तुला?” त्यांनी विचारलं. “ऱ्हायला नाय. बघायला. तुझा भाऊ ज्या गिरनीत हुता, तिथं आता काय हाय ते बघू. का दुसरीकडं कुठं? तू सांग.”

आईने भाकरी तव्यावर टाकली, पाण्याचा हात फिरवला, आणि ती फुगेपर्यंत काही बोलली नाही.

“इचार करू द्या मला,” ती म्हणाली. “सकाळच्याला सांगते.”